दाजींची उगवण चाचणी

माणसाला हसू फुटतं की नाही हे बियाण्यासारखं तपासून बघणारा माणूस साऱ्या जालना जिल्ह्यात एकच आहे, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा आहे.

दाजींची तीस वर्षं एमआयडीसीत एका बियाणं कंपनीच्या प्रयोगशाळेत गेली. ओल्या कागदावर शंभर दाणे मांडायचे, गुंडाळी करून ठेवायची, आठवड्यानं उलगडून किती उगवले ते बघायचं. घरीही तेच. मटकी भिजवली तरी सकाळी ते आधी मोड तपासत आणि मगच उसळीला परवानगी देत. मला बघायला पाहुणे येऊन गेले तेव्हा घरात सगळे खूश होते. दाजी मात्र म्हणाले, "लॉट बरा दिसतोय, पण नमुना थोडा आहे. अजून चार नातेवाईक बोलवा." सासरचे आणखी चार नातेवाईक खरंच आले आणि पोहे मलाच करावे लागले.

निवृत्त झाल्यावर ते घनसावंगीला परत गेले. तिथं माणसं शेतीत रमतात, यांनी विनोदी सिनेमा काढायचं ठरवलं. गोष्ट सोपी होती. सासुरवाडीला जायला लागू नये म्हणून एक माणूस आजारी पडल्याचं सोंग घेतो आणि अख्खं गाव बिस्किटांचे पुडे घेऊन भेटायला येतं. आजारी माणूस म्हणून एक टेम्पोवाला घेतला, डॉक्टर म्हणून एक निवृत्त मुख्याध्यापक. बायकोचं काम मला दिलं, कारण माझ्या चेहऱ्यावर वैताग आयताच असतो, मेकअपचं काम कमी. कपडे जुन्या जालन्यातल्या माझ्या दुकानातले. कॅमेरेवाला लग्नांचं शूटिंग करणारा. लग्नसराईच्या आधी त्याचे वीस दिवस मोकळे होते. ते हुकले की सिनेमा वर्षभर लांबणीवर.

पण दाजी तपासल्याशिवाय काही पेरत नाहीत. प्रत्येक विनोद त्यांनी वेगळ्या कागदावर लिहिला आणि घनसावंगी-जालना काळीपिवळीत चाचणी सुरू केली. जीप गच्च भरेपर्यंत थांबायचं, ड्रायव्हरशेजारी बसून मागं तोंड करायचं आणि विनोद सांगायचा. मोठ्यानं हसला तो उगवला. नुसते दात दाखवले तो रोगट कोंब. खिडकीबाहेर बघत राहिला ते मेलेलं बी. एकदा मी सोबत होते. दाजींनी विनोद टाकला. डॉक्टर म्हणतो, याला महिनाभर पूर्ण आराम द्या. बायको विचारते, मंग आजवर हे काय करून राह्यले होते? जीप हसली, पण मेथीच्या गाठोड्यावर बसलेली एक म्हातारी तोंड मिटून गप्प. दाजींनी वाकून कारण विचारलं. ती तोंडावर पदर धरून म्हणाली, "हसू तर आल्तं भाऊ, पण कवळी घरी राह्यली." दाजींनी तिची नोंद 'फेरतपासणी' अशी केली आणि पुढच्या आठवड्यात तिला गाठून तोच विनोद पुन्हा ऐकवला.

माझ्या बहिणीवर तर प्रत्येक विनोदाची पहिली चाचणी, तीही स्वयंपाकघरात. ती कधी हसली नाही. "शिट्ट्या किती झाल्या ते विसरले बघा तुमच्या नादात," एवढंच म्हणायची. दाजी तिला 'कडक बी' म्हणत. म्हणजे मेलेलं नव्हे, पण पाणीच पीत नाही असं.

शूटिंगला दहा दिवस उरले तेव्हा माझ्या दुकानाच्या माडीवर सगळ्या सिनेमाचं वाचन ठेवलं. गल्लीतले हमाल आले, शेजारपाजारचे आले, काळीपिवळीचा ड्रायव्हर तर चार उतारू घेऊन आला. मुख्याध्यापक म्हणाले, "पूर्ण आराम द्या." मी तोंड उघडायच्या आत साऱ्या माडीनं आरतीसारखं एका सुरात माझं वाक्य म्हटलं. हसलं कुणीच नाही; जीपमधून विनोद आधीच गल्लीपर्यंत पोचले होते. पुढच्या प्रत्येक विनोदाची हीच गत झाली. दाजींनी वही मिटली. "लॉट फेल," म्हणाले, आणि कॅमेरेवाल्याला दुसरं काम घ्यायला सांगण्यासाठी फोन काढला.

मला वैताग आला. मी माझी तारीख अडवून बसले होते, दुकान बंद ठेवणार होते.

"दाजी, तपासलेलं बी तुम्ही कधी पेरलंय का?"

"तपासलेलं फेकून देतात, मेव्हणीबाई. पेरायचं ते पोत्यातलं."

"मंग पोतं कुठंय?"

दाजींनी चहाचा कप बाजूला सारला. मग फोन खिशात टाकला आणि कपाळाला बोट लावलं.

तेव्हापासून ते नवे विनोद लिहून राह्यले आहेत. कुणाला एक शब्द सांगत नाहीत, बहिणीलाही नाही. आम्हाला वाक्यं त्या त्या दिवशी सकाळीच मिळणार आहेत. सोमवारी नारळ फुटेल. परवा ते जीपमधून उतरले. म्हणाले, "न तपासता पेरणी पहिल्यांदाच करून राह्यलो."

काल बहिणीचा फोन आला. उगाच इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, घर लई गप्प झालंय गं, स्वयंपाक करताना कुणी मधे येत न्हाई. आणि एकदम डॉक्टरचा आवाज काढून तिनं तो आरामाचा विनोद सांगितला, मधल्या दमासकट. बायकोचं वाक्य तिनं स्वतःच्याच आवाजात म्हटलं. मी महिनाभर पाठ केलं, पण मला ते तसं कधी जमलं नव्हतं. मग ती हसायला लागली, आणि बराच वेळ हसत राहिली.

ते वाक्य आता सिनेमात नाही. दाजींना मी हे सांगितलेलं नाही. सांगितलं तर नारळ बाजूला ठेवून ते परत वही उघडतील. शूटिंग उरकलं की सांगेन.