कागद कोण मागतं

अमेरिकेतल्या शॉमबर्गच्या आमच्या क्लिनिकमध्ये ती फरशी पुसायची. ओल्या फरशीवरून म्हाताऱ्यांना हात धरून पलीकडे न्यायची.

परवा औषधांच्या दुकानात ती माझ्यापुढे होती. राज्याने नवा कायदा करून देशात राहण्याची कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरितांचा आरोग्य विमा बंद केला होता. विम्यावर आता इन्सुलिन मिळणार नाही, असं काउंटरवरच्या माणसाने तिला सांगितलं. ती मोडक्या इंग्रजीत म्हणाली, "रक्त सांडलं की पुसायला मलाच बोलावतात. तेव्हा कुणी कागद मागत नाही."

माझ्यासोबतचा मराठी मित्र पुटपुटला, "रूल इज रूल, यार. आपण नाही का व्हिसासाठी थांबलो?"

माझं डोकंच फिरलं. "थांबलास, पण तेव्हा तुझं औषध कुणी बंद केलं नव्हतं!" मी ओरडले.

सगळे माझ्याकडे बघू लागले. ती केव्हाच रिकाम्या हाताने बाहेर पडली होती.