संडासाचं कुलूप

चाकूरजवळच्या आमच्या घरामागे गोठा आहे, गोठ्याला लागून न्हाणी आणि तिच्या पलीकडे पत्र्याच्या दाराचा संडास. घराला दिवसा कुलूप नसतं, संडासाला असतं. किल्ली आईच्या कमरेला.

आईचे गुडघे गेले तेव्हा मीच हट्टाने हा संडास बांधून आत खुर्चीसारखं बसायचं भांडं बसवून घेतलं. आठवडाभर लातूरची शाळा, घर आणि शनिवारी एसटीने गाव. जीव मेटाकुटीला येतो. निदान हे एक काम मार्गी लागलं, असं वाटलं होतं. मी पोचायच्या आत आई कुलूप काढून ठेवते. बादली भरलेली, साबण नवा, फरशी लख्ख. रोजच्या वापरातली जागा इतकी लख्ख राहत नाही, हे मला कळायला हवं होतं.

मागच्या शनिवारी पोचले तर आईच्या पायाला फडकं गुंडाळलेलं. शेजारच्या काकूंनी सांगितलं, सकाळी ओढ्याकाठी घसरून पडली, हातात टमरेल होतं. म्हणजे ती अजून बाहेरच जात होती.

राग आला, पण भांडायचं त्राण नव्हतं. पायाला तेल चोळत विचारलं, मग संडास बांधला कुणासाठी? एका तांब्यात भागतं तिथं बादलीभर पाणी कशाला घालवायचं, हे तिचं नेहमीचं पुराण झालं. मग ती हळूच म्हणाली, "खड्डा भरला म्हंजे? संडास नव्हता तवा तू कधी मुक्कामी राहिलीस का? सांजच्या गाडीनं माघारी जायचीस."

ते खरंच होतं. खड्डा वर्षानुवर्षं भरत नाही, असं गवंडी सांगून गेला होता. आईला ते पटलं नव्हतं. तो माझ्यापुरता शिल्लक राहावा म्हणून ती गुडघे ओढत ओढ्यावर जात होती.

तिच्या कमरेची किल्ली काढून घेतली. दंडाला धरून तिला आत नेलं, बसवलं, दार ओढून घेतलं आणि बाहेर दगडावर टेकले. रस्त्यावर लातूरच्या संध्याकाळच्या गाडीचा हॉर्न वाजला.

आतून आवाज आला, "गाडी गेली का गं?"

"गेली. तू निवांत बस."