सर्जेराव फाटकात बसले

दोन हजार साली पाटसजवळच्या आमच्या पशुखाद्याच्या कारखान्यात सर्जेराव वॉचमन होते. म्हणजे कागदावर. प्रत्यक्षात फाटक, पाण्याची मोटर, बाग, चहा आणि मॅनेजर वाबळे साहेबांच्या सासूबाईंना स्टँडवरून आणणं, हे सगळं त्यांच्याच गळ्यात. साहेबांना काम सुचलं की ते पहिला दिसेल त्या माणसाला सांगायचे, आणि फाटकात पहिले दिसायचे सर्जेराव. मी वजनकाट्याच्या खिडकीमागे बसायचो म्हणून वाचलो.

कमरेला किल्ल्यांचा जुडगा, गळ्यात शिट्टी, खांद्यावर पाण्याचा पाइप, हातात किटली. सर्जेराव चालले की भांड्यांचं दुकान निघाल्यासारखा आवाज यायचा.

एकदा डबा खाताना ते म्हणाले, "भाऊसाहेब, काल खंड्या माझ्या अंगावर आला."

"कोण खंड्या?"

"घरचं कुत्रं. अंधारात जातो, अंधारात येतो, त्याला वाटतं चोर हाय. मालकीण म्हंती, लांबूनच आवाज देत जावा."

मला हसू फुटलं. पण त्यांनी हातातला घास परत डब्यात ठेवला. "एवढंसं पिल्लू व्हतं, बंडीच्या खिशात घालून आणलं व्हतं," ते म्हणाले. मग मला माझ्या हसण्याची लाज वाटली.

त्याच आठवड्यात सासूबाई पोपट घेऊन आल्या. साहेबांनी पिंजरा सर्जेरावांच्या मोकळ्या हातात दिला. "याला जरा बोलायला शिकवा."

सर्जेरावांनी पिंजरा घेतला आणि ते बंद फाटकासमोर मधोमध खाली बसले. बाहेर मक्याचे ट्रक हॉर्न वाजवायला लागले.

"उठा," साहेब म्हणाले. मग ओरडले. मग "उठता का जरा?" असं अदबीनं विचारून पाहिलं. सर्जेराव ढिम्म. शेवटी मी बाहेर जाऊन विचारलं.

"आम्ही धनगर माणसं," ते शांतपणे म्हणाले. "मेंढरांमागं हिंडताना घोड्यावर जास्ती लादलं की घोडं बसतंय. त्याला मारत न्हाईत. एकेक वस्तू उतरवायची. झेपंल तवा आपणहून उठतंय."

"पण उतरवायचं किती?" साहेबांनी विचारलं.

"त्ये घोड्याला बी आधी कळत न्हाई."

साहेबांनी पिंजरा उचलला. सर्जेराव बसलेलेच. किटली घेतली, पाइप खांद्यावर घेतला, मोटरच्या खोलीची किल्ली काढून घेतली. ट्रकवाले खाली उतरून फाटकाच्या गजांतून बघत होते. "अजून उतरवा साहेब, घोडं गुणी हाय," एक जण म्हणाला.

साहेब घामाघूम. मी हळूच म्हणालो, "सासूबाई राहिल्या."

साहेबांनी डोळे मिटले. "त्यांना मी आणीन."

सर्जेराव उठले, अंगावरची धूळ झटकली आणि फाटक उघडलं. लादलेले साहेब कुणाला तरी शोधत माझ्या खिडकीकडे वळले. मी धावत आत जाऊन खिडकी लावून घेतली.

त्या दिवशी सर्जेराव ऊन असतानाच निघाले. माझीही वाट त्यांच्या वस्तीवरूनच, म्हणून बरोबर गेलो. अंगणातून खंड्या दात विचकून धावत आला. मी मागे सरलो. सर्जेरावांनी मात्र आवाजही दिला नाही. काठी खाली ठेवली, डबा ठेवला, टोपी काढून ठेवली आणि ते वाटेतच बसले.

कुत्रं बराच वेळ भुंकलं. मग जवळ आलं, त्यांचे पाय हुंगले, बंडीच्या खिशात नाक खुपसलं आणि तिथंच मान टेकून पडलं.

त्यांच्या पत्नी अनसाबाई बाहेर आल्या. "ह्ये काय, वाटंत का बसलाय?"

"घरी आलोय," सर्जेराव म्हणाले.