सासूचा घेर

एप्रिलमधल्या एका बुधवारी, सकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी, ओतिलिया मुरावस्का शेताच्या मधोमध वाकून दगड फेकत होती. वय सदुसष्ट, पायांत गमबूट, अंगावर दिवंगत नवऱ्याचं जाकीट. पोलंडमधल्या सुवाल्की शहराच्या उत्तरेकडच्या टेकड्यांत या दिवसांत सगळेच दगड वेचतात. हजारो वर्षांपूर्वी हिमयुगाच्या बर्फाने जाता जाता टाकलेलं सामान अजून पुरतं वर आलेलं नाही. दर हिवाळ्यात जमीन गोठते आणि नवे दगड वर ढकलते. मात्र बाकीचे लोक शेतातले दगड उचलून ढिगावर टाकतात. ओतिलिया ढिगावरचे उचलून शेतात टाकत होती.

ढीग सासूभोवतीचा होता. सासू म्हणजे शेतातला प्रचंड तांबूस दगड. नाव नवऱ्याने, काझिकने, ठेवलेलं: मध्येच ठाण मांडून बसते, हलत नाही, आणि तिला वळसा घातल्याशिवाय कुठलंच काम पुढे जात नाही. ओतिलियाच्या आईच्या कानावर हे गेलं, त्या ईस्टरला जावयाला केकचा तुकडाही मिळाला नव्हता.

आता सासूवर संकट आलं होतं. ओतिलियाचा मुलगा दामियान याच्या नव्या पेरणीयंत्राचा एक फाळ गेल्या वर्षी सासूला वळसा घालताना मोडला. त्याने गुरुवारी सकाळी सातला दगडफोड्या आणि ट्रक सांगून ठेवला होता. आईशी त्याचा एवढाच करार होता की निसर्ग उद्यानाच्या संरक्षित दगडांच्या यादीत सासूचं नाव लागलं, तर तो हात लावणार नाही. यादीसाठी घेर किमान आठ मीटर हवा. ओतिलियाने कपडे वाळत घालायच्या दोरीने मोजला, तर सात मीटर ऐंशी भरला. उद्यानाची बाई आज दहाला मोजपट्टी घेऊन येणार होती.

आणि मंगळवारी दूध काढता काढता ओतिलियाला आठवलं: लग्न होऊन आल्यापासून वेचलेला एकेक दगड तिने आणि काझिकने सासूच्याच पायाशी टाकला होता. सासूची कंबर त्यांनीच बुजवली होती.

सव्वासातला शेजारचा झेनोबी बाकुला कुंपणापाशी आला. त्याच्या शेतातला दगड गेल्याच वर्षी यादीत लागला होता. आठ मीटर दहा. दगडाशेजारी लावलेली पाटी तो दर रविवारी पुसत असे.

"ओतिलिया, यंदा दगड पेरतेयस का?"

"हो. कमी पडले तर तुझं डोकं मागेन."

"उगाच मरतेयस. हे दगड खाली निमुळते होत जातात. माझाच बघ."

"तुझा तुझ्यावर गेलाय. वर नुसता फुगलेला, खाली काही नाही."

"लाव पैज!"

"लावली. सासू बारीक निघाली तर तुला बटाट्याची बाबका, वरून चरबी परतून. जाड निघाली तर शेतात टाकलेला एकेक दगड तू उचलायचास."

झेनोबीला हरण्याची शक्यताच दिसत नव्हती. किसलेल्या बटाट्याच्या त्या भाजलेल्या केकची, बाबकेची, घाईही होती. त्याने कोट कुंपणाला अडकवला आणि तोही दगड उपसायला लागला.

साडेनऊला तो अचानक ओरडला. त्याच्या हातात दुधाच्या कॅनचं गंजलेलं झाकण होतं, कडेला पोचा आलेलं. हे झाकण झेनोबीने चोरलं, असं ओतिलिया पस्तीस वर्षं प्रत्येक लग्नात आणि बारशाला सांगत आली होती. दोन मयतींनाही.

"चोर कोण? बोल ना आता, चोर कोण?"

"तू आत्ताच खिशातून काढलंस."

"खिशातून? हे ताटाएवढं?"

बरोबर दहाला उद्यानाची काया सोबोलेव्स्का आली. दगडाच्या पायाशी उघडी पडलेली जमीन पाहून तिने हातातली पट्टी परत पिशवीत टाकली.

"मुरावस्काबाई, खणून घेर वाढवलेला चालत नाही. मूळ जमिनीलगत मोजायचा असतो."

"खणलं नाही हो. आमचेच टाकलेले दगड काढले फक्त."

"पण हे सांगणार कोण?"

ओतिलियाने शेतभर पसरलेल्या दगडांकडे बोट दाखवलं. झेनोबीकडे पुरावाच होता. तो झाकण उंच धरून पुढे झाला.

"मी सांगतो! हे बघा, हे इथं जमिनीवर पडलेलं होतं. हा त्याचा गोल ठसा, ही खालची गवताची मुळं. काझिकने न बघता याच्यावर दगड टाकले आणि मी पस्तीस वर्षं चोर ठरलो! ही तेव्हाचीच जमीन आहे, बाई. एक मूठ माती कुणी काढलेली नाही. लिहून घ्या."

"सही कराल?"

"दोनदा करतो."

त्याने सही केली. कायाने गुडघ्यावर बसून मुळं पाहिली, ठसा पाहिला, मग पट्टी फिरवली. आठ मीटर तेवीस.

झेनोबीचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"पट्टी ढिली होती. परत मोजा."

कायाने परत मोजलं. आठ मीटर तेवीस.

"हा दगड स्वीडनकडचा," कागद भरता भरता ती म्हणाली. "बर्फाबरोबर इथवर आला."

"स्वीडनची होय?" ओतिलिया म्हणाली. "काझिकला कळलं असतं तर त्याने परतीचं तिकीट काढलं असतं."

झेनोबीने झाकण पाठीमागे लपवलं. "आधी म्हण, झेनोबी चोर नाही. या बाईंच्या समोर म्हण."

"झेनोबी चोर नाही," ओतिलिया म्हणाली आणि झाकण हातात आल्यावर तिने ते एप्रनला पुसलं. "झाकणापुरता. कुऱ्हाडीचं अजून बाकी आहे."

दुपारी दामियानने फोन करून दगडफोड्याला नको म्हणून सांगितलं. ट्रक मात्र तसाच ठेवला, कारण शेतभर पसरलेल्या दगडांवर ओट पेरता येत नाहीत. ट्रक उद्या सकाळी सातला येईल. दगड अंदाजे अडीच टन आहेत, पेरणी दुपारी बाराला सुरू होईल, आणि भरणारा माणूस एकच आहे: झेनोबी बाकुला.