लेकीची उशिराची पाचवी

आमची लेक घरी आली तेव्हा आठ महिन्यांची होती. अकोल्याच्या एका संस्थेतून आम्ही तिला दत्तक घेतलं आणि भर उन्हाळ्यात, गाडीच्या काचांना ओले पंचे लावून, अमरावतीला आणलं. वाटभर ती झोपली होती. घराचं कुलूप काढताना जागी झाली आणि माझ्या खांद्यावरून जिन्याकडे टकामका पाहू लागली.

दुसऱ्या दिवशी सासूबाई आल्या. त्या परतवाड्याजवळ गावी राहतात, शेती स्वतः पाहतात. दत्तक घ्यायचं ठरलं तेव्हा नवऱ्याने त्यांना फोनवर सांगितलं होतं. त्या फक्त 'बरं' म्हणाल्या होत्या. एवढ्या बोलक्या बाईचा तो एकच शब्द मी महिनोन्‌महिने मनात घोळवत होते. त्यामुळे दारात रिक्षा थांबली तेव्हा मी नवऱ्याला पुढे केलं.

त्यांनी हातपाय धुतले, लेकीला मांडीवर घेतलं, तिचे तळवे दाबून पाहिले, टाळूवरून हात फिरवला. मग मला विचारलं, "इची पाचवी झाली काय?"

पाचवी म्हणजे बाळ जन्मल्यावर पाचव्या दिवशीची पूजा. त्या रात्री बाळाच्या कपाळावर त्याचं नशीब लिहिलं जातं, अशी समजूत. कोणी म्हणतं सटवाई लिहिते. सासूबाईंच्या माहेरी म्हणत, ब्रह्मदेव स्वतः येतो. म्हणून त्याच्यासाठी कोरा कागद आणि पेन ठेवायचं.

लेकीची पाचवी झाली होती का, ते आम्हाला ठाऊक नव्हतं. नवऱ्याने संस्थेत फोन लावला. तिथल्या ताई म्हणाल्या, बाळ आमच्याकडे आलं तेव्हा महिन्याभराचं होतं, त्याआधीचं काही सांगता येणार नाही.

सासूबाई त्यावर काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी जेवल्याही थोडंच. मी नवऱ्याला म्हटलं, "त्यांच्या मनाला हे पटलेलं नाही." तो म्हणाला, "आई बोलत नाही तेव्हा विचार करते. रागावली असती तर सगळ्या कॉलनीला कळलं असतं."

सकाळी त्या कॉलनीतल्या देवळात महाराजांना विचारून आल्या. महाराज म्हणाले होते, पाचवीचा दिवस गेला की गेला, आता थाटात बारसं करा. सासूबाईंनी चपला काढता काढता सांगून टाकलं, "आपन पाचवी करू. पोरगी घरी आली तो दिवस पयला. तिथून मोजा."

खरं सांगायचं तर मला ते आवडलं नाही. वाटलं, माझ्या लेकीच्या त्या हरवलेल्या महिन्यावर आता सगळ्यांसमोर बोट ठेवलं जाणार. मी म्हटलं, "आई, तिचं जे लिहायचं ते ब्रह्मदेवाने तेव्हाच लिहिलं असेल ना?"

"असन लिवलं," त्या म्हणाल्या. "पन आता इचं घर बदललं. नवा पत्ता तं लिवा लागन का नाई?"

नवरा हसत म्हणाला, "आणि ब्रह्मदेवाला तो पत्ता दिसलाच नाही तर?" "चार तोंडं हायेत त्याले," सासूबाई म्हणाल्या. "एक तं इकडं फिरवन."

पाचव्या दिवशी माझी आईही अकोल्याहून आली. जुन्या शहरातल्या ओळखीच्या दुकानातून तिने डिंक आणि खारका आणल्या होत्या. सासूबाईंनीच तिला फोन करून मागवल्या होत्या, हे मला नंतर कळलं. दोघींनी मिळून दुपारभर स्वयंपाकघर ताब्यात घेतलं आणि मला आत येऊ दिलं नाही.

दिवेलागणीला देवघरासमोर पाटा-वरवंटा मांडला. शेजारी भिजवलेले हरभरे, कणकेचा दिवा, कागद, पेन. मी लेकीला घेऊन बाजूला उभी होते. सासूबाई म्हणाल्या, "उभी काहून? बस पाटावर."

मी बसले. त्यांनी माझ्या कानांवरून सुती रुमाल घट्ट बांधला, पायांत मोजे चढवले आणि कूलर बंद केला. घामाने मी निथळू लागले.

"आई, हे कशाला? मी कुठे बाळंतीण आहे?"

"मंग कोन हाये?" त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. डिंकाचा लाडू माझ्या तोंडाशी धरला. "खा. पोरगी आठ महिन्याची असो का आठ दिवसाची, माय तं आत्ताच झाली ना. तुह्या अंगात ताकद नको?"

लग्नानंतर इतक्या वर्षांत किती बारशांना गेले, किती जणींच्या ओट्या भरताना पाहिलं. दरवेळी कोणीतरी मला अलगद मागच्या रांगेत बसवायचं. तो लाडू मी चावत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. माझ्या आईने पदराने माझं तोंड पुसलं. तिला वाटलं घाम आहे, किंवा तसं दाखवलं तरी तिने. लेकीने तेवढ्यात हरभऱ्याची मूठ भरून पाट्यावर उधळली. सासूबाईंनी तिचा हात धरून हळदकुंकू वाहायला लावलं.

सासूबाई लगेच गावी परत गेल्याच नाहीत. बाळंतिणीला सव्वा महिना एकटं ठेवत नाहीत म्हणाल्या आणि राहिल्या. रोज सकाळी लेकीला तेल लावायच्या, मला खसखशीची खीर द्यायच्या. कूलर मात्र दुसऱ्याच दिवशी सुरू झाला, कारण त्यांनाच सहन होईना. एकदा दुपारी मी धीर करून त्यांना त्या 'बरं'बद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, "त्या दिवशी मजूर लावले होते वावरातलं तन निंदाले. तितून घाईत बोलून राहिली होती." मी कितीतरी वेळ हसत होते.

आता लेक तिसरीत आहे. दत्तक म्हणजे काय ते तिला माहीत आहे आणि तिची पाचवीही ती मैत्रिणींना मोठ्या रुबाबात सांगते. गेल्या दिवाळीत गावी असताना तिने आजीला विचारलं, "महादेवाचं देऊळ आहे, मारुतीचं आहे. ब्रह्मदेवाचं काहून नाई?"

"त्याले बसाले टाइम कुठी हाये?" सासूबाई म्हणाल्या. "घरोघरी जा लागते त्याले."

लेकीला ते पटलं असावं. तिने आजीच्या हातातली संत्र्याची टोपली घेतली आणि दोघी बोलत बोलत गोठ्याकडे गेल्या.