माझ्याकडे नसलेला डबा

"गोळ्या कधी थांबवल्या?" डॉक्टरांनी विचारलं. सुमनच्या उशाशी आम्ही दोघी होतो, मी आणि तिची लेक वर्षा. वर्षा लगेच म्हणाली, "थांबवल्या कुटं? रोज घेती की. माजं बाळंतपण हितं करायचं ठरलं, तवापास्नं डबा मावशींकडंच ठेवलाय." आणि तिनं माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे कसलाही डबा नव्हता. कसल्या गोळ्या, हेही मला ठाऊक नव्हतं. मी सुमनकडे वळले, तर तिनं डोळे मिटून घेतले... दोन दिवसांनी ती गेली. एड्सनं. आजच्या काळात, गोळ्या फुकट मिळत असताना.

सोलापुरात आम्ही दोघी कित्येक वर्षं कडक भाकरीचा धंदा करत होतो, माझ्या घरामागच्या पत्र्याच्या खोलीत. ती थापायची, मी शेकायची. कधी मी थापायला बसले की म्हणायची, "वैनी, ही भाकरी हाय का कर्नाटकाचा नकाशा?" नवरा ट्रकवर होता, काविळीनं गेला, एवढंच तिनं मला सांगितलं होतं. सासरच्यांनी वळसंगच्या घरातून तिला आणि छोट्या वर्षाला का बाहेर काढलं, ते मला दवाखान्याच्या पायरीवर वर्षानं सांगितलं. नवऱ्याला एड्स होता. सुमनलाही लागण झालेली निघाली, वर्षाला नाही. सुमननं गोळ्या सुरू केल्या आणि ठणठणीत राहिली. लेकीचं लग्नही मंगळवेढ्याला लावून दिलं.

पण पहिलं बाळंतपण माहेरी. वर्षा सातव्या महिन्यात आली. जावई दर रविवारी येणार, बाळ झाल्यावर विहीणबाई मुक्कामाला येणार, आणि घर एका खोलीचं. गोळ्यांचा डबा दिसला तर पोरीला नांदवतील का? सुमननं गोळ्या आणणंच बंद केलं. लेकीनं विचारू नये म्हणून माझं नाव सांगितलं. नातू झाला, त्याला न्हाऊमाखू घातलं, विहिणीला पुरणपोळी केली. मग ताप सुरू झाला तो हटलाच नाही. लेक सासरी गेली तरी सुमननं गोळ्या परत आणल्या नाहीत, ताप अंगावरच काढत राहिली.

तेराव्याला मी विहीणबाईंना बाजूला घेतलं. त्यांच्या कानावर काही गेलं असेल तर पोरीची बाजू आपणच मांडावी म्हटलं. त्या नातवाला थोपटत म्हणाल्या, "सोयरीक जमायच्या आदीच कळलं हुतं आमाला, वळसंगास्नं. पोरगी लई गुणाची, आमाला तेवढंच पायजे हुतं."

"मग बोलला का नाहीत?"

"ईनबाईंना कशाला लाजवायचं, म्हून गप बसलो..."

अजूनही ते माझ्या डोक्यात शिरत नाही.

भाकऱ्या आता मीच थापते. तशाच होतात, नकाशासारख्या. समोरच्या फळीवर शेंगाचटणीचे डबे असतात. त्यांच्या कडेला आणखी एक डबा मावेल एवढी जागा पहिल्यापासूनच आहे. परवा चटणी जास्त झाली, तर ती मी स्वयंपाकघरात नेऊन ठेवली.