झाकण बाहेरून लिंपतात

चौऱ्याहत्तरच्या मे महिन्यात आपल्या देशानं अणुस्फोट केला. हरिपुरात लोकांनी एकमेकांच्या हातावर साखर ठेवली. माझ्या वडिलांनी, आबांनी, ती तोंडात टाकली आणि विचारलं, "आता म्होरला दुस्मान गप बसंल व्हय?"

आबा मूळचे साताऱ्याकडचे. फौजेतून हवालदार म्हणून सुटले आणि सासुरवाडीला, सांगलीला लागून असलेल्या हरिपूरला येऊन राहिले. नोकरीत असताना त्यांना अणुहल्ल्यातून वाचायचं आठ दिवस शिकवलं होतं. त्यातलं एक वाक्य त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं: जमिनीखाली जा आणि चौदा दिवस वर येऊ नका.

जमिनीखालच्या जागेला हरिपुरात काय तोटा? आमच्याकडं हळद पेवात ठेवतात. पेव म्हणजे तीन-चार पुरुष खोल खड्डा, पोटात ऐसपैस आणि तोंडाशी एक माणूस अंग चोरून उतरेल एवढा. तोंडावर फरशी टाकून कडा मातीनं लिंपल्या की हळद वर्षानुवर्षं टिकते, किडा-मुंगीही आत शिरत नाही. आईच्या माहेरचं एक पेव दोन वर्षं तसंच बंद पडलं होतं. आबांनी ते मामांकडून मागून घेतलं.

गावानं त्यांचं नाव 'ॲटम हवालदार' ठेवलं. आबा म्हणाले, "हसतील त्येंचं दात दिसतील. तहान लागल्यावर हीर खणत न्हाईत." मी तेव्हा एकोणीस वर्षांची, तिघी बहिणींतली थोरली, सांगलीच्या कॉलेजात जाणारी. मला त्या नावाची भयंकर लाज वाटायची. घरी येऊन मी पाय आपटायची, आणि लगेच त्यांच्याबरोबर भडंगाचे डबे भरायची. कारण खरं सांगायचं तर मला त्या बॉम्बची भीती वाटत होती, आणि घरात तेवढा एकच माणूस काहीतरी करत होता.

आबा म्हणाले, आधी मी बसून बघणार. हवा किती पुरते ते कळल्याशिवाय घरच्यांना आत घालणार नाही. आईचं लग्नाआधीचं सगळं आयुष्य हळदीत गेलेलं. ती म्हणाली, "आवं, दोन दिस उघडं ऱ्हाऊ द्या. आन् कंदील सोडल्याबिगर उतरायचं न्हाई. दिवा इझला तर माणूस बी इझतो."

आबांनी पेव एक रात्र उघडं ठेवलं. कंदील मात्र नको म्हणाले. दिवा हवा खातो, आत जाळ करायचा नाही, असं त्यांना शिकवलेलं. आई सकाळी जवळच्याच हळदीच्या खळ्यावर गेली आणि यांनी मला हाक मारली.

काखेखालून दोर बांधून ते उतरले. पेवात तसंच उतरतात, ते त्यांनी मानलं होतं. दर पाच मिनिटांनी ते दोराला एक हिसका देणार आणि मी घड्याळ बघणार. "मी दोन हिसकं दिल्याबिगर फरशी काढायची न्हाई. हुकूम हाय." दोरापुरती फट सोडून मी फरशी सरकवली आणि माझ्या हातानं कडा लिंपल्या.

पाच हिसके वेळेवर आले. सहावा उशिरा आला आणि इतका हलका, की तो आला की मला वाटला, हेच कळेना. सातवा आला नाही. मी दोर धरून बसून राहिले. हुकूम मोडला आणि ते नुसते डुलकी घेत असले तर? असा विचार मी किती वेळ केला, याची आजही मला लाज वाटते. मग मी ओली माती नखांनी ओरबाडली आणि आईच्या नावानं ओरडले.

आई दोन बायका घेऊन धावत आली. फरशी सरकवताच मी पाय आत टाकला, तर तिनं माझी वेणी धरून मला मागं ओढलं. "उतरू नगंस! एकाच्या मागं दुसरा जातो!" तिनं आदल्या दिवशीच तिथं आणून ठेवलेला कंदील पेटवून आत सोडला. निम्म्यावर जाऊन तो विझला. मग आम्ही चौघींनी दोर ओढला. आबांची मान लटकलेली, तोंडावर हळदीची जुनी पिवळी धूळ. ते ओकले, खोकले, कितीतरी वेळानं त्यांनी डोळे उघडले.

"किती मिनटं?" त्यांनी विचारलं.

"चाळीस!" मी किंचाळले. "आमच्यावर अशी वेळ आली असती म्हंजे?"

आई माझ्या हातांकडं बघत होती. कोपरापर्यंत माती होती. मग तिनं अगदी हळू विचारलं, "आवं, आमी समदी आत गेल्यावर वरनं लिंपणार कोण व्हतं?"

"मी," आबा म्हणाले. जणू कुणी हजेरी घेत होतं.

"मंजी शिधा चौघींचा. मी आन् तीन पोरी."

"व्हय."

"आन् चौदा दिसांनी फरशी कोण काढणार व्हतं?"

आतून, दोराला लोंबकळत, ती फरशी आम्हा चौघींना हललीसुद्धा नसती. आबांनी चौदा दिवसांचं पाणी मोजलं होतं, स्वतःला आधीच वजा करून टाकलं होतं, आणि पंधराव्या दिवसाचा विचार त्यांच्या मनाला शिवला नव्हता. मला त्यांचा इतका राग आला आणि इतकी माया आली, की मी तिथंच भोकाड पसरलं.

दुसऱ्या दिवशी उठवत नसतानाही आबांनी परसात चर खणायला घेतला. दोन तोंडांचा, आतून उघडणारा. खोली आणि छताची माती ते त्यांच्या हिशेबानं सांगत होते. लांबी मात्र आईनं सांगितली. पाच माणसं आडवी झोपतील एवढी, आणि ती तिनं आबांनाही तिथं झोपवूनच मोजली.